पेटीवाल्या नाथाजींची बैठक

मी हरणाबाईच्या घरची बैठक बोलते आहे. बघणारे मला उशी म्हणतात, पण मी डोक्याखाली घ्यायची नाही, बूड टेकायची. मागून चार बोटं उंच, पुढं उतरती. माझ्या पोटातला कापूस हरणाबाईच्या माहेरचा, माधवनगरचा. तिथल्या गिरणीत तिचा भाऊ होता, त्यानं उरलासुरला पिंजा बांधून दिला. अंगावरचं लुगडं मात्र सासरचं, उंब्रजचं. लढाईमुळं नवं कापड मिळत नव्हतं, म्हणून तिनं नेसतं जुनेर फाडलं.

मी जन्मले ती नाथाजींच्या पाठीसाठी. नाथाजी हरणाबाईचे मालक. शेताचा एक तुकडा कसायचे आणि मारुतीच्या देवळात भजना-कीर्तनाला पेटी वाजवायचे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर. तास-दोन तास मांडी घालून असं वाकडं बसायचं, तेही गार फरशीवर. वीस वर्षं निभलं, मग कंबर बोलायला लागली. कीर्तन संपलं की नाथाजी खांबाला धरून उठायचे. लोकांना वाटायचं, भजनात देहभान हरपलंय.

हरणाबाईनं बिब्बा घातला, विटेनं शेकलं, तिळाचं तेल चोळलं. गुण येईना. मग एका शनिवारी, उपासाच्या पोटी, ती मारुतीपुढं उभी राहिली आणि बोलून गेली, "ह्यांची पाठ बरी कर देवा. तुझ्या जयंतीच्या सप्त्यात सात दिवस तुझ्यापुढं उघड्या फरशीवर बसून पेटी वाजवतील. खाली घोंगडंबी घ्यायचे न्हाईत."

नवस बोलताना बाई आपल्याकडचं सगळ्यात अवघड तेच देते. सोपं दिलं तर देवाला काय वाटेल, असं तिला वाटतं.

त्यानंतर महिन्याभरानं दारात रसूल पिंजारी आला. गाद्या भरायचा, घोड्यांची खोगिरंही भरायचा. ओसरीवर नाथाजी पेटी घेऊन बसले होते. रसूल कापूस पिंजायची धनुकली खांद्यावरून न उतरवताच बघत राहिला.

"नाथाजी, तुमी पेटी वाजवताय का आड शेंदताय?"

"का रं?"

"गुडघं वर, बूड खाली, आन् कंबर कुबड्यावानी. खोगीर मी असं भरलं तर घोडं मला लाथ घालंल. बुडाखाली उंची पायजे, गुडघं खाली आलं पायजेत. मग पाठ आपसूक उभी ऱ्हाती."

"देवापुढं उंचावर बसू व्हय?"

"चार बोटांनी कोण देवाच्या वर जातंय गड्या?"

हरणाबाई आतून हसली आणि जुनेर घेऊन बाहेर आली. रसूलनं कापूस पिंजला, माझ्या मागच्या अंगाला ठासून भरला, पुढं हलका ठेवला. पेटीही पाटावर चढवली, म्हणजे मान वाकायला नको. भाता जरा जवळ ओढून घ्यायला सांगितलं. "आन् एक अभंग झाला की उठायचं. चार पावलं चालायचं. देव कुठं पळून जात न्हाई."

मला माणसं ओझ्यावरून कळतात. पहिल्या दिवशी नाथाजींचं सगळं वजन माझ्या डाव्या कुशीवर होतं. पंधरा दिवसांनी ते दोन्हीकडं सारखं पडू लागलं. संक्रांतीपर्यंत त्यांचा हात खांबाकडं जायचा थांबला. माझ्यासारख्या चिंधीला यापेक्षा काय हवं?

हरणाबाईनं मारुतीला तेल वाहिलं. देव पावला, असंच ती म्हणाली. मला वाईट वाटलं नाही. रसूलला आमच्या दारात कुणी पाठवलं, हे मी तरी कसं सांगू?

पण देव पावला म्हणजे नवस फेडणं आलं. चैत्र लागला तसं तिनं चुलीपुढं बसून नाथाजींना सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज खाली गेला.

"आवं, मला काय ठावं, बैठकीनं बरं वाटंल म्हणून. मी आपली बोलून बसले."

नाथाजी भाकरी मोडत होते. "बोललीस न्हवं? मग झालं तर. सात दिवस काय, आत्ता जातील."

रसूलला कळलं तेव्हा तो चिडला. "वैनी, खोगीर काढून घोडं दौडवायचं, ही कसली भक्ती?"

"भावजी, देवाला शब्द दिलाय."

"देवानं मागितला हुता का?"

सप्त्याच्या पहिल्या सकाळी तिनं मला झटकलं, घडवंचीवर ठेवलं आणि माझ्यावरून एकदा हात फिरवला.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी नाथाजी पुन्हा खांब धरून उठले. चौथ्या दिवशी घरी आल्यावर त्यांना खाली बसताच येईना. हरणाबाई रडवेली झाली. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मी देवाच्या पाया पडते." ते म्हणाले, "आर्ध्यावर सोडलं तर तुझ्या जिवाला लागंल." पाचव्या दिवशी, ऐन गजरात, त्यांचा डावा हात भात्यावरून निसटला. पेटीचा सूर हळूहळू बसत गेला. चौघांनी त्यांना घोंगड्यात घालून घरी आणलं.

सातारच्या डॉक्टरनं सांगितलं, मणका सरकलाय. काठीनं चार पावलं चालतील. मांडी घालून बसणं आता नाही.

वर्षभर पेटीवर फडकं होतं. हरणाबाईनं मला घडवंचीवरून उचलून माळ्यावर टाकलं, पुन्हा वर बघितलं नाही. ज्या दिवशी मी माळ्यावर गेले त्या दिवसापासून ती स्वतः कधी पाटावर बसली नाही, जेवायलासुद्धा. तिच्या मनात एकच घोळत होतं. सातातले पाच झाले, दोन राहिले. ते राहिलेत म्हणूनच ह्यांची पाठ उठत नाही.

यंदा जयंतीच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उद्या आन् परवा मी दिसभर देवळात फरशीवर बसते. उपाशी. तुमच्या वाटणीचं दोन दिस मी फेडते."

नाथाजी अंथरुणावरून म्हणाले, "आता तुझीबी कंबर घालवायची हाय व्हय?"

"मग काय करू? माझ्या तोंडानंच गेलं न्हवं समदं."

ती पहिल्यांदा रडली. नाथाजींनी रडू दिलं. मग म्हणाले, "आगं, पेटी वाजवायचं बोलली हुतीस न्हवं? मग पेटी वाजू दे. माळ्यावरनं ती बैठक काढ आदी."

"माझ्यासाठी न्हाई."

"तुझ्यासाठीच. पाठ मोडून घेतलेलं देवाला लय आवडलं आसतं, तर मी आत्तापतूर उठून नाचलो आसतो."

तिला हसूही आलं.

सकाळी तिनं पेटी अंथरुणाजवळ ओढली. नाथाजी उजवा हात मोकळा ठेवून कुशीवर वळले. भाता त्यांच्या आवाक्यात नव्हता. तो तिच्याकडं. हरणाबाई माझ्यावर बसली ती अशी, जणू कुणी हाक मारली की उठायचं आहे. बायका घरात अशाच बसतात, अर्ध्या.

"मागं सरक," नाथाजी म्हणाले. "पुरती बस. आता भाता हालव. खांद्यानं न्हाई, मनगटानं. घाई न्हाई."

ती मागं सरकली. तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं. खूप नव्हतं.

सूर तुटक निघाला. कधी भाता संपायचा, कधी बोट चुकायचं. तरी दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मारुतीचं भजन त्या घरातून झालं. देवानं ते धरलं की नाही, मला सांगता यायचं नाही. नाथाजींची पाठ काही उठली नाही, आता उठायचीही नाही. पण तिसऱ्या दिवशी, नवस संपल्यावरही, हरणाबाईनं पेटी पुढं ओढली.

आता माझा कापूस दबलाय, उसवलेल्या कोपऱ्यातून पिंजा डोकावतो. माझं फार दिवसांचं राहिलेलं नाही. बायांनो, बाप्यांनो, एवढंच सांगते. देवाला काय वाहायचं ते वाहा, फूल वाहा, तेल वाहा, आपला सूर वाहा. पण त्याच्यापुढं बसाल तेव्हा खाली काहीतरी घेऊन बसा, आणि अधूनमधून उठा.

थांबा, नाथाजी तिला हाका मारताहेत. एक अभंग झाला, चार पावलं चाल म्हणून.