रिकामी म्हणून ठेवलेली फीत

मित्रांनो, मला डोळे नाहीत. त्यामुळे माझ्या गोष्टीत तुम्हाला रंग आणि चेहरे फारसे सापडणार नाहीत. मी आवाज साठवणारा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. प्लॉवदिव शहरात सिनेमा शिकवणारी एक शाळा आहे. तिच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर मी राहतो.

ऐकू मला नेहमीच येतं. पण दुसऱ्याला पुन्हा ऐकवता येईल असं माझ्याजवळ उरतं ते फक्त चाकं फिरत असताना ऐकलेलं. बाकीचं माझं मलाच. हा फरक ध्यानात ठेवा. माझं सगळं आयुष्य त्याच्यातच अडकून पडलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसून बायका तारा जोडायच्या. माझी शेवटची तार जोडणारी बाई सर्दीने हैराण झाली होती. माइकसमोर तिने "एक, दोन, तीन" म्हटलं आणि चारला शिंकली. ती शिंक माझ्या तोंडून पुन्हा ऐकताना टेबलावरच्या सगळ्या जणी हसल्या. ती मात्र म्हणाली, "शी! हा माझा आवाज नाहीच." माणसाला आपलाच आवाज परका वाटतो, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

शाळेत आलो तेव्हा सामानाची कोठी स्पास काकांच्या ताब्यात होती. नव्या मुलांना माझी ओळख तेच करून द्यायचे. त्यांचं बोलणं मला पाठ आहे.

"बाळांनो, बटण दाबलं म्हणजे चाक फिरलं असं समजू नका. कंबर वाकवा आणि चाक बघा. आणि आपल्या लोकांना तोंड उघडायचा भारी आळस. 'हो' म्हणायचं तर मान आडवी हलवतील, 'नाही' म्हणायचं तर वर झटकतील. कॅमेऱ्याला ते दिसेल, ह्या बिचाऱ्याला नाही दिसणार. तोंडाने उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. आणि फीत पुसण्याआधी ती शेवटपर्यंत ऐका. डब्यावर कोणी काय लिहिलंय ते वाचत बसू नका."

शेवटचं वाक्य ते रोज सांगायचे, म्हणून ते कोणीच ऐकायचं नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. काम संपलं की लगेच आवरायचं नाही. सगळ्यांनी एक मिनिट गप्प उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता फितीवर घ्यायची. स्वयंपाकघराची शांतता वेगळी, गोठ्याची वेगळी, आणि पुढे फिल्म जोडताना ती लागतेच. ते मिनिट मला फार आवडायचं. सगळे माझ्याभोवती श्वास आवरून उभे असत. तेवढ्यापुरता मी त्यांच्यातला एक असे.

मी पुष्कळ काम केलं. मेंढ्यांच्या घंटा, तंबाखूची पानं ओवणाऱ्या बायका, पुलाखालचं पाणी. एकदा एक म्हातारे गुरुजी फिल्म बघून म्हणाले, "चित्र जेमतेमच आहे, पण आवाज ऐका!" ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. चाकं बंद होती, तरीसुद्धा.

पुढे तळहातावर मावतील अशी यंत्रं आली. मुलं ती खिशात घालून नेऊ लागली. माझ्यावर धूळ बसली. अशा दिवसांत रालित्सा कोठीत आली. शेवटच्या वर्षाची होती आणि यंत्रं वाटायच्या यादीत तिचं नाव अगदी तळाशी होतं. तिच्यासाठी मीच काय तो उरलो होतो.

"स्पास काका, हा माझ्या आजीच्या बकरीपेक्षा जड आहे!"

"मग आजीलाच सांग उचलायला."

चार दिवस दुपारी बसून ती माझ्याकडून शिकली. आवाज मोजणारा काटा कुठवर जाऊ द्यायचा, फीत कशी ओवायची, सगळं. पहिल्या दिवशी तिने फीत उलटी लावली. स्पास काका म्हणाले, "असंच रेकॉर्डिंग कर हं. परीक्षकांना आजीऐवजी भूत ऐकू येईल." ती चिडली, पण पुन्हा पहिल्यापासून ओवायला बसली. तिचे हात थंड होते, आणि ते मला सांभाळून धरायचे.

तिची फिल्म तिच्या आजीवर होती. वेलिका आजी रोदोपी डोंगरातल्या एका वस्तीवर एकटी राहायची. बाकीची घरं कधीच बंद पडली होती. समोरच्या उतारावर तिची मैत्रीण एल्मास, तीही एकटीच. मधे खोल दरी. खाली उतरून वर चढायला दोन तास लागत, आणि गुडघे दोघींचेही गेलेले. म्हणून चाळीस वर्षं त्या रोज सकाळी एकमेकींना हाक मारायच्या. मग आपापल्या ओट्यावर बसून एकाच वेळी कॉफी प्यायच्या.

रालित्साला ती हाक हवी होती. तिची सगळी फिल्म त्या हाकेवरच उभी होती. पण रविवारी तिचा मामा गाडी घेऊन येणार होता. बर्फ पडायच्या आत तो आजीला कायमची शहरात नेणार होता. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार. तीनच सकाळी. त्यानंतर ती हाक ह्या जगात राहणार नव्हती.

शुक्रवारी वारा होता. पलीकडचं उत्तर त्यात वाहून गेलं. फीत ऐकताना नुसती घरघर आली. रालित्सा तोंड पाडून बसली. आजी घरात गेली आणि आपला लोकरी मोजा घेऊन आली.

"हे काय, आजी?"

"टोपी. माणसाला वाऱ्यात टोपी लागते, मग ह्या पोराला नको?"

मोजा माइकवर चढला. आणि खरंच, वारा दूर गेला. शाळेत चार वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून दोघी खूप हसल्या. मला कोणी 'पोर' म्हटलं ते तेवढंच.

शनिवारी कडक गारठा पडला. रालित्साने हातमोजे घातले होते. माइकच्या दांड्यावर एक बटण आहे. एकदा दाबलं की माझी चाकं फिरतात, पुन्हा दाबलं की थांबतात. तिने दाबलं. जाड हातमोज्यातून तिला ते नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. माझी चाकं फिरली आणि थांबली. ती वाकली नाही. तिचं सगळं लक्ष आजीकडे होतं.

"एल्मास! उठलीस की मेलीस?"

"तुझ्याआधी नाही मरत! उद्या तू चाललीस, मग मी भांडू कोणाशी?"

"तुझ्या कोंबड्यांशी भांड! त्याही तुझ्यासारख्याच कजाग!"

"आणि तू शहरात कोणाशी भांडशील गं?"

"सुनेशी! ती तर घरातच आहे!"

दरीच्या दोन्ही कडांवर हसू उठलं. इतकी सुरेख हाक मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि माझी चाकं बंद होती. मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

रालित्साने आनंदात बटण पुन्हा दाबलं. मी थांबलो असं तिला वाटलं. मी तेव्हा फिरायला लागलो. मला दगडी गडग्यावर तसंच ठेवून ती कॅमेरा घेऊन आत पळाली. आजी भाकरीचं पीठ मळणार होती, त्याचं चित्र घ्यायचं होतं. दारातला उजेड कॅमेऱ्याला खपत नाही म्हणून तिने दार लावून घेतलं. खिडकीवर घोंगडी टांगताना तिने आजीलाच स्टुलावर चढवलं. आजीची कुरकुर मला बाहेर ऐकू आली. मग घर मुकं झालं.

थोड्या वेळाने पलीकडून आवाज आला.

"वेलिका! ए वेलिका! तुझी तांब्याची कढई माझ्याकडेच राहिली गं! मुरांब्याची! उद्या तू निघालीस, आता ती पाठवू कशी?"

कोणी उत्तर दिलं नाही.

"की राहू दे माझ्याकडे? राहू दे! ती न्यायला तरी परत ये!"

एक कोंबडी ओरडली. वाऱ्याने मोजा हलला.

"वेलिका, येशील ना?"

बराच वेळ गेला. दरीपलीकडे ती बाई कशी उभी होती ते मला दिसलं नाही. पण ती उभी होती, एवढं नक्की. कारण मग ती हळूच म्हणाली, "बरं." इतकं हळू, की ते माझ्याशिवाय कोणालाच ऐकू गेलं नसतं. आणि एक दार लागलं.

फीत संपली. तिचं मोकळं टोक फटफट वाजत राहिलं. दुपारी रालित्सा बाहेर आली. ती फटफट ऐकताच तिला आपली चूक कळली. फीत मागे गुंडाळून तिने सुरुवातीचा भाग ऐकला. तिचीच पावलं, दार लागल्याचा आवाज आणि वारा. पुढे ऐकायला मन धजेना. रडत रडत तिने डब्यावर लिहिलं, आणि लिहिताना पुटपुटली, "शनिवार. रिकामी."

रविवारी तिने काहीच चुकू दिलं नाही. हातमोजे काढले, माइकवर मोजा चढवला, वाकून चाक बघितलं. मामाला गाडी बंद करायला लावली. तो म्हणाला, "दोन म्हाताऱ्यांच्या ओरडण्यासाठी एवढं सगळं?" तिने त्याला गप्प केलं. माझी चाकं फिरत होती.

"एल्मास! उठलीस की मेलीस?"

उत्तर नाही.

"एल्मास! धूर दिसतोय की चुलीचा! आहेस ना तिथे?"

पलीकडे बादली ठेवल्याचा आवाज झाला. कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज झाला. शब्द एकही नाही. आजीने तिसऱ्यांदा हाक मारली. मग म्हणाली, "हेकट बाई." आणि गाडीत जाऊन बसली.

रालित्साने तरीही जागेची शांतता घेतली, पूर्ण एक मिनिट. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग आहे.

फिल्म गाजली. परीक्षक म्हणाले, उत्तर न मिळालेली ती हाक काळजाला चटका लावते. टाळ्या वाजल्या. ती बाई का बोलली नाही, हे कोणी विचारलं नाही. मला माहीत होतं. आदल्या दिवशी तिलाही उत्तर मिळालं नव्हतं. पण कोणी फीत लावल्याशिवाय मी बोलणार कसा?

मी कपाटात परत गेलो. तो डबा माझ्या शेजारीच होता, चार बोटांवर. त्यातला शब्दन् शब्द मला पाठ होता, आणि तो माझ्या तोंडात येत नव्हता. ह्यापेक्षा मोठा एकटेपणा असेल तर मला तो माहीत नाही.

दोन हिवाळ्यांनी रालित्सा स्पास काकांना भेटायला आली होती. कपाटाच्या दारातून मी ऐकलं.

"एल्मास आजी वारली, काका. आमची आजी तिच्या मातीला गेली नाही. म्हणाली, निघताना जिने तोंड उघडलं नाही तिच्या दारात कशाला जाऊ? आणि आठवडा झाला, कॉफीला हात लावत नाही."

स्पास काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या झाकणावर दोनदा थाप मारली. नंतर कपाटाला कुलूप लागलं आणि बरीच वर्षं ते निघालं नाही.

ते निघालं तेव्हा रालित्सा स्वतः शिक्षिका झाली होती. जुन्या यंत्रांवर हात बसावा म्हणून ती मुलांना तळघरात घेऊन आली. मिलेना नावाच्या मुलीने माझ्यावरची धूळ फुंकली.

"मॅडम, ह्या डब्यावर 'रिकामी' लिहिलंय. हिच्यावरच रेकॉर्डिंग करू?"

"कर," रालित्सा म्हणाली.

मिलेनाने फीत ओवली, आणि तीही बरोबर. पुसलं जायला एका बटणाचं अंतर होतं. मग रालित्सा म्हणाली, "थांब जरा. आमचे स्पास काका म्हणायचे, पुसण्याआधी शेवटपर्यंत ऐका. आम्ही त्यांचं कधी ऐकलं नाही. तुम्ही तरी ऐका."

चाकं फिरली. पावलं, दार, वारा. मुलं कुजबुजायला लागली. "मॅडम, नुसता वारा आहे." आणि मग माझ्या तोंडून, इतक्या वर्षांनी:

"वेलिका! ए वेलिका!"

"बरं"पर्यंत कोणी हललं नाही. नंतर फितीचं टोक फटफटत राहिलं, आणि मला थांबवायचं भान रालित्साला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मला खांद्यावर घेतलं आणि मामाच्या घरचे चार जिने चढली. वेलिका आजी आता फार थकली होती. तिचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता. रालित्साने फीत लावली. आजीने ऐकली. मग हातातला कप बशीत ठेवला.

"आजी, त्या दिवशी तुला ऐकू गेलं नाही, कारण दार मी लावलं होतं. ती रागावली ती म्हणून."

रालित्साने नवी फीत घातली आणि बटण दाबलं. तिचा आवाज खालून आला. ती वाकली होती. "आजी, 'येशील ना' असं विचारलंय तिने. काय सांगू?"

डोक्याच्या रुमालाची सळसळ झाली. मान हलली होती; पण आडवी की वर, ते मला कसं कळणार?

"आजी, तोंडाने सांग. ह्याला मान दिसत नाही."

खुर्ची सरकली. गॅलरीचं दार उघडलं. खाली रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत आला. आणि त्या थकलेल्या छातीतून, चाळीस वर्षांच्या सवयीने, दरी ओलांडून जाईल अशी हाक निघाली.

"एल्मास! राहू दे ती कढई! येतेय गं मी!"

खालून कोणीतरी ओरडलं, "आजीबाई, कोणाला हाक मारताय?" तिने त्याला उत्तर दिलं नाही. रालित्सा पूर्ण एक मिनिट गप्प उभी राहिली, रीतीप्रमाणे. पलीकडून काही आलं नाही. पण ह्या वेळी माझी चाकं फिरत होती.

मित्रांनो, मी पुन्हा माझ्या फळीवर आहे. आता शेजारी दोन डबे आहेत, आणि पहिल्यावरचा 'रिकामी' हा शब्द खोडल्याची करकर मी ऐकली आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र धूळ खात पडलं असेल. त्याला साफ ठेवा. त्यातलं काही पुसायचं झालं तर खुशाल पुसा. पण आधी एकदा, कंटाळा न करता, शेवटपर्यंत ऐका. कोणीतरी तुम्हाला हाक मारून ठेवली असेल.