ओळीच्या शेवटची घंटी

वकीलसाहेबांच्या ऑफिसात वहिनींनी सव्वीस वर्षं टाइपरायटर बडवला. मग एके सकाळी साहेबांनी तो उचलून कपाटावर ठेवला आणि टेबलावर कॉम्प्युटर आणला.

"पुढच्या सोमवारपासून सगळं यावर. जमलं तर उत्तम, नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

घ्या! सव्वीस वर्षांची चाकरी दोन वाक्यांत गुंडाळली, आणि वर वाईटही वाटून घ्यायचं नाही!

त्या दिवशी वहिनी घासभरही जेवल्या नाहीत. नवऱ्याला ते बघवेना, त्यानं धाकट्या बहिणीला फोन केला. ती शाळेच्या कचेरीत कारकून, कॉम्प्युटरवर हात बसलेला. पण वहिनींचं आणि वन्संचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "त्यांच्याकडून शिकण्यापेक्षा मी घरी बसेन," वहिनी फणकारल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वन्सं लॅपटॉप काखोटीला मारून दारात हजर.

"चहा नको. आधी बसा," त्या म्हणाल्या.

वहिनी बसल्या. बोटं वाऱ्यासारखी चालत होती, पण ओळ संपत आली की कान टवकारत. टाइपरायटरची घंटी वाजली की दांडी ओढायची, ही हाडीमासी खिळलेली सवय. इथे घंटीच नाही! मग अंदाजानं प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या एंटर हाणत होत्या.

"अहो वहिनी, त्या एंटरनं तुमचं काय घोडं मारलंय? परिच्छेद संपला की दाबायचं. ओळ आपोआप खाली येते."

"आपोआप कशी येईल? कागद संपला तर?"

"कागद आहेच कुठे!"

मथळ्याचीही तीच तऱ्हा. अक्षरं मोजायची, अर्धी करायची, तितकी जागा सोडायची. वन्संनी एक बटण दाबलं आणि मथळा निमूटपणे मधोमध जाऊन बसला. वहिनी बघतच राहिल्या. "अगं बाई! मग मी सव्वीस वर्षं काय मोजत होते?"

तिसऱ्या दिवशी कहर झाला. वहिनींनी दोन पानं सुरेख टाइप केली. बंद करताना कॉम्प्युटरनं विचारलं, सेव्ह करायचं का? कागदावर उमटलं की काम झालं, हे आयुष्यभराचं गणित. त्यांनी 'नाही' दाबलं. दोन्ही पानं गेली.

"तुम्हाला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!" वन्सं ओरडल्या.

वहिनींच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. आता ह्या उठून जाणार, आणि सोमवारी आपणही, असंच त्यांना वाटलं. पण वन्सं उठल्या नाहीत. त्यांनी पहिल्या दिवसाचं पान उघडलं. ते त्यांनीच सेव्ह करून ठेवलं होतं. एक बटण दाबताच जिथे जिथे एंटर मारलं होतं तिथे तिथे एकेक बारीक खूण उमटली. पानाच्या कडेला मुंग्यांची रांगच लागली.

"ह्या बघा तुमच्या घंट्या. एकेक काढा. मी बसते."

जेवणवेळ टळून गेली तरी त्या बसून होत्या. पुढच्या दिवसांतही वन्सं तशाच आल्या, ओरडल्या, आणि बसल्या.

सोमवारी पहिलंच काम आलं ते एका म्हाताऱ्या शिंप्याचं मृत्युपत्र, चांगलं अठरा पानांचं. गुरुवारी तो सहीला आला. साक्षीदार जमले, साहेबांनी पेन उघडलं, आणि दुसरं पान वाचता वाचता शिंपी थांबला.

"एक वाक्य राहिलंय हो. माझ्या आजारपणात बहिणीनं माझं सगळं केलं. मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. ते इथे यायला हवं. पण बाईंना पुन्हा अठरा पानं... राहू द्या."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनींनी दुसरं पान उघडलं, कर्सर नेमका जागी नेला आणि शिंप्याचं वाक्य टाइप केलं. एंटर नाही. खालच्या ओळी आपल्या आपण सरकल्या, पानाचा शेवट पुढच्या पानावर गेला, पानांचे आकडे जागच्या जागी राहिले. आधी सेव्ह, मग प्रिंट. दहा मिनिटांत सह्या झाल्या.

"दुसरं माणूस काही बघायला नको," साहेब म्हणाले.

सगळे गेल्यावर वहिनींनी नवं पान उघडलं. सव्वीस वर्षं त्यांनी दुनियेची पत्रं टाइप केली, स्वतःचं एकही नाही. संध्याकाळी त्या वन्संच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी कागद पुढे केला. वन्संनी तो उंबऱ्यातच वाचला.

"वन्सं, तुम्ही नसता तर मी आज घरी बसले असते. तुम्ही माझ्यावर ओरडलात, पण मला सोडून उठला नाहीत. हे उपकार मला फेडायचे नाहीत. ते असू देत माझ्यावर."

वन्संनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मथळा मधोमध आलाय."

"बटणानं आणला."

"आणि सेव्ह?"

"केलंय. तुमच्या नावानं."

वन्सं दारातून बाजूला झाल्या. "आत या वहिनी," त्या म्हणाल्या. "आज चहा घेऊ."