नवे गेटर

लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, सासू-नणंदांशी जमवून घ्यावं लागेल. प्रत्यक्षात जमवून घ्यावं लागलं ते पान्यांशी आणि ग्रीसशी. आमच्या ह्यांच्या त्या डोंगरात फिरायच्या उंच मोटारसायकलच्या पुढच्या दोन्ही दांड्यांवर घड्याघड्यांची रबरी आवरणं असतात, धूळ-चिखल आत शिरू नये म्हणून. त्यांना गेटर म्हणतात, हेसुद्धा मला पाठ करावं लागलं.

डॉक्टरांनी यांना विसरण्याचा आजार सांगितल्यापासून लेक माझ्याकडे गाडीची किल्ली मागत होती. बाबा रस्त्यात घरच विसरले तर काय, म्हणायची. मी तिच्याशी कडाकडा भांडले. माणसांची नावं विसरत असतील, पण गाडीच्या कामात यांचा हात धरणारा अजून कोणी नाही, असं ठणकावून सांगितलं. शेवटी आम्हा दोघींचं ठरलं. गेटरना करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ते यांनी एकट्यांनी बदलले तर किल्ली घरात राहील, नाहीतर संध्याकाळी ती येऊन घेऊन जाईल. यांना पैजेतलं काही सांगितलं नाही. नवे गेटर तेवढे मी मागवले.

सकाळी मी भाजी निवडायच्या निमित्ताने गॅरेजात ठाण मांडलं. हात काय चालत होते त्यांचे. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, नळी ताणली जाऊ नये म्हणून ब्रेक दोरीने वर बांधला. दांड्या सोडवल्या, गेटर ओढून काढले. मध्येच मला दटावलं, की उजेड अडवू नकोस. माझा जीव भांड्यात पडला. लेकीला काय काय सुनावायचं, ते मनात जुळवतच मी स्वयंपाकाला गेले.

सगळं उरकून चहा घेऊन आले. किल्लीही आणली होती, खिशात. गाडी चाकांवर उभी होती आणि हे घाम पुसत होते.

"बघ, कसे बसलेत. आता कित्येक वर्षं बघायला नको."

मी बघितलं. त्याच भेगा. जुनेच गेटर स्वच्छ पुसून, पट्ट्यांचा एकेक स्क्रू नीट आवळून त्यांनी पुन्हा चढवले होते. नव्यांचं खोकं त्यांच्या पायाशीच होतं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं. मला त्या खोक्याचा इतका राग आला की लाथेने उडवावंसं वाटलं.

"छान बसलेत," मी म्हटलं.

"किल्ली दे. एक चक्कर मारून येतो."

खिशातली मूठ मी आणखी आवळली. "सापडत नाहीये. कुठे ठेवली, आठवतच नाही."

चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी काळे हात फडक्याला पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हल्ली तू फार विसरायला लागलीयस," ते हळूच म्हणाले. "घाबरू नकोस. मी आहे ना."

संध्याकाळी लेक आली. मी दारातच तिच्या हातावर किल्ली ठेवली.