दोन रिंगा

दर गुरुवारी दुपारी बाराला माझा फोन दोनदा वाजायचा आणि बंद व्हायचा. उचलायचा नाही, असं ठरलेलं. अर्थ एवढाच, की नूरा जिवंत आहे.

नूरा सरहद्दीवरचा मेंढपाळ. तीस वर्षांपूर्वी त्यानं मेंढ्यांच्या घंटांत लोकर कोंबली आणि कळपाच्या आडून आम्हा सहा जवानांना बर्फातून पलीकडे नेलं. परत पाचच आलो. सहावा नानासो, माझ्याच गावचा, तिकडंच राहिला. हे सगळं लाल शिक्क्याच्या गुप्त कागदात बंद होतं. नूराच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. कळलं असतं, तर पलीकडच्यांनी त्याला जिवंत ठेवला नसता.

निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचं काम करणारा बाळासो आला. "आप्पा, कराडच्या सभेत तुमचा सत्कार हाय. मंत्री येत्यात. फेटा, शाल, समदं."

"आवं, जावा की," माझी बायको बनुबाई आतून म्हणाली. "तीस वर्सांत कुणी चा तरी पाजला का तुमास्नी?"

गेलो. मंडपामागं मंत्र्यांनी तोच कागद काढला. मला अक्षरं पलटणीत, उशिरा आली. हा शिक्का मात्र त्याआधीपासून ओळखतो. कागद खुला करायचा तर शिक्क्यावर रेघ ओढतात, खाली सही आणि तारीख घालतात. इथं काहीच नव्हतं.

"साहेब, ह्यो अजून बंद हाय."

"मी उघडला म्हणजे उघडला," ते हसले.

"मग नावं तेवढी वाचू नका. एक माणूस अजून जिता हाय त्यात."

"बघू," म्हणत ते पायऱ्या चढले.

भर उन्हात त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधीच्या सरकारनं झाकलेला पराक्रम, असं ते म्हणत होते. नानासोचं नाव आलं आणि माझा हात आपसूक सलामाला कपाळाशी गेला. तो खाली यायच्या आत त्यांनी पुढचं नाव वाचलं. नूराचं, गावासकट.

विरोधक म्हणाले, कागद बनावट आहे. बाळासो चावडीवर सगळ्यांना सभेतला माझा फोटो दाखवत होता. "बनावट कसा? आप्पांनी सलाम ठोकलाय की!"

मी नूराला फोन लावला. बंद. साताऱ्याला लष्कराच्या एका साहेबाकडे गेलो. त्या माणसाला तिथून हलवा म्हणालो.

"असा कागदच नाही," साहेब म्हणाले. "आणि त्यातलं काही बोललात तर तुमच्यावर गुन्हा होईल."

गुरुवार आला. उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. बाराला फोन वाजला. एक. दोन. माझा जीव भांड्यात पडला.

तिसरी रिंग झाली.

बनुबाई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. वाजून वाजून फोन थांबला, परत सुरू झाला. मी उचलला.

आधी नुसत्या घंटा ऐकू आल्या. लोकर काढलेल्या, मोकळ्या. मग एक आवाज, नूराचा नव्हे, अगदी अदबीचा.

"हवलदार साब, आपका सलाम देखा. बाकी चार कौन थे?"

मी एकही नाव दिलं नाही. घंटा वाजत राहिल्या, मग फोन कटला.

बाकीच्या चौघांची नावं कागदाच्या दुसऱ्या पानावर होती. ते पान त्याच दिवशी सांगलीच्या सभेत वाचायचं होतं. अंगणात बाळासोच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आप्पा, चला, उशीर व्हतोय!"

तिथं जाऊन मला एकच वाक्य बोलायचं होतं, ह्यो कागद खोटा हाय. आणि नानासोचं नाव निघालं, तरी हात उठू द्यायचा नव्हता.

बनुबाईनं कराडचा फेटा उलगडला. माझा उजवा हात छातीशी धरला आणि गच्च बांधला. मग मी गाडीत बसलो.

कराडच्या पुढं गेल्यावर बोटं फेट्याच्या आत हलायला लागली.