जार ठेवायची जागा

अंजनाने ओट्याच्या वरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, खिळा उपटला आणि खिळ्याच्या भोकावर बोट ठेवून म्हणाली,

“इथं.”

फिल्टर बसवायला जुन्नरहून दानियाल आला होता. चाळिशीचा, पोट सुटलेला, बोलताना ड्रिल मशीन हातात नाचवणारा माणूस. त्याने भिंत ठोकून पाहिली.

“वहिनी, इथं बसवला तर दारातनं आल्या आल्या दिसंल.”

“दिसायलाच पायजे.”

“मग बरोबर. दिसंल तिथंच लावून घेत्यात सगळी. एकाने तर टीव्हीच्या शेजारी लावून घेतला.”

अंजनाचा नवरा चिमाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. आता तो खाकरला.

“मी काय म्हणतो, न्हाणीच्या मागं बसवला तर? वर टॉवेल टाकता येतो.”

दानियालने ड्रिल खाली घेतलं. फिल्टरवर टॉवेल कशासाठी, ते त्याला कळेना. पण गिऱ्हाइकाच्या घरातलं गिऱ्हाइकाने बघावं, अशा समजुतीचा माणूस असल्यामुळे तो ओट्यावरच्या लोणच्याच्या बरणीवरची अक्षरं वाचू लागला.

“या घरात मी कुणाला चोरून दारू पिऊ दिली न्हाई,” अंजना म्हणाली, “आता चोरून पाणी पिऊ देऊ व्हय? दानियालभाऊ, पाडा भोक.”

दानियालने भोक पाडलं. विटेचा लाल भुगा ओट्यावर सांडला आणि चिमाजीने, जणू तो भुगा आपल्याच हाडांचा असावा, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

अडचण फिल्टरची नव्हती. अडचण आक्काची होती.

आक्का म्हणजे साळुबाई, चिमाजीची थोरली बहीण. दिली होती पलीकडच्याच गावात, ओझरच्या बाजूला. सात-आठ वर्षांपूर्वी म्हातारे वडील गेले, आणि वर्षश्राद्ध उरकल्यावर सगळ्या घरांत होतं ते याही घरात झालं. बहिणीने बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. भावाने बदल्यात साडी-चोळी करायची, त्याला रीत म्हणतात. आक्का जुन्नरच्या कचेरीत गेली, सही केली, फोटो काढून घेतला. संध्याकाळी घरी साडी नेसवायची वेळ आली, तेव्हा तिने साडी घडीसकट काखेत मारली आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “आजपासनं या घरचं पाणी पिणार न्हाई.”

आणि गेली. जमिनीचा राग आहे, निवळेल, असं सगळे म्हणाले. निवळला नाही. चिमाजीच्या मुलीच्या लग्नात आक्का आली, मानाने मिरवली, पंगतीला बसली आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढून प्यायली. जेवणाला तिची हरकत नव्हती. शपथ पाण्याची होती, आणि आक्का शब्दाला पक्की.

पुढे तिने फाट्यावर पाण्याचा प्लांट टाकला. ‘साळाई ॲक्वा’. जिवंतपणी स्वतःच्या नावाचा बोर्ड लावणारी ती त्या रस्त्यावरची पहिलीच बाई. टेम्पो स्वतः चालवायची, जार स्वतः उचलायची. तिच्या मालकांचं त्या घरात फारसं चालत नव्हतंच. आता ते टेम्पोत तिच्या शेजारी बसून सुटे पैसे सांभाळत.

अशात चिमाजीला मुतखडा झाला. बोअरचं पाणी असं, की चार दिवसांत पातेल्याला आतून चुना लावल्यासारखा पांढरा थर. बातमी फाट्यावर पोचली आणि दुसऱ्या सकाळी अंगणात टेम्पोचा हॉर्न वाजला. आक्का खांद्यावर जार घेऊन सरळ स्वयंपाकघरात आली.

“बोअरचं पितो व्हय रं अजून? मरशील.”

तिने जार स्टँडवर चढवला, फडताळातला पेला घेतला, तोटी सोडली आणि उभ्या उभ्या घटाघटा प्यायली. सगळ्यांना वाटलं, शपथ मोडली. मग हळूहळू उमगलं, की पाणी तिचंच आहे. शपथेला धक्का नाही.

“चहा टाक गं अंजने,” ती म्हणाली. “जारच्या पाण्याचा.”

दूध घरचं, साखर घरची, पत्ती घरची. तेव्हापासून दिवसाआड आक्का यायची. जार ठेवायची, आपल्या हाताने आपलं पाणी घ्यायची, चहा प्यायची, अंजनाच्या भाजीला नावं ठेवायची आणि जायची. माहेर परत मिळालं होतं. फक्त ते वीस लिटरच्या जारमधून येत होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण चैत्रात गावोगावच्या यात्रा लागतात आणि वैशाखात लग्नं. एका एका मांडवाला टेम्पोभर थंड जार. त्या दिवसांत आक्काचा टेम्पो अंगणासमोरून हॉर्न वाजवत निघून जायचा आणि खिडकीतून तिचा हात हलायचा.

“अगं, पाटलाच्या मांडवात पाणी कमी पडून कसं चालंल? तुमी काय, घरचीच मानसं.”

घरचीच माणसं मग बोअरचं पाणी पीत. पहिल्या वर्षी अंजनाने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या वर्षी आक्काने जार चुकवणार नाही म्हणून देवाची आण घेतली आणि नेमकी लग्नाची तिथी दाट निघाली. यंदा वैशाखातल्या एका दुपारी चिमाजी कांद्याच्या वखारीपाशी कंबर धरून खाली बसला तो उठेचना. ओतूरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, “पाणी कुठलं पिता?” चिमाजी म्हणाला, “जारचं.” मग अंजनाकडे पाहून म्हणाला, “लग्न नसलं की.”

अंजनाने त्याच दिवशी ठरवलं.

“पण आक्काला काय सांगायचं?” चिमाजीने विचारलं होतं.

“जे आहे ते.”

“ती यायची बंद व्हईल.”

“मग काय करायचं? तुमच्या पोटात खडा, आन् आपण लोकांची लग्नं उरकायची वाट बघायची?”

चिमाजीने बरेच तोडगे काढले. जार चालू ठेवायचा आणि म्हशीला पाजायचा. आक्का यायच्या दिवशी फिल्टरपुढे कॅलेंडर टांगायचं. अंजना दर वेळी फक्त “न्हाई” म्हणाली. माणूस निश्चयाचा असला की त्याचं बोलणं कमी होतं. चिमाजीचं मात्र वाढलं होतं.

फिल्टर बसला. दानियाल निळा दिवा लावून दाखवून गेला. अंजनाने लोखंडी स्टँड उचलून माळ्यावर टाकला आणि त्या जागी कांद्याची टोपली ठेवली.

दुसऱ्या सकाळी हॉर्न वाजला.

आक्का नेहमीसारखी खांद्यावर जार घेऊन आत आली, नेहमीच्या कोपऱ्यात वळली आणि थांबली. कांद्याच्या टोपलीकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या निळ्या दिव्याकडे. खांद्यावर जार तसाच.

“कुठं ठेवू?”

“खाली ठेवा, आक्का. बसा.”

आक्काने जार खाली ठेवला. बसली नाही. बाहेर पडवीत चिमाजी पेपर वाचत होता. पेपर कालचा होता.

“याने बसवला?”

“मी बसवला.”

आक्काने कंबरेच्या पिशवीतून पेनासारखं मीटर काढलं. पाण्यातले क्षार मोजायचं ते यंत्र तिच्याजवळ कायम असे. परगावी गेली तरी लोकांच्या पाण्यात ते बुडवून बघायची. तिने फिल्टरखाली वाटी धरली, मीटर बुडवलं, आकडा वाचला आणि वाटी ओट्यावर ठेवून दिली.

“बरं आहे,” ती म्हणाली. लांबच्या नात्यातल्या मुलीला पसंत करावं, तसं. “माझ्या पाण्याला काय झालं व्हतं?”

“पाण्याला काय न्हाई झालं. तुमचं पाणी असतं तवा लई चांगलं असतं.”

आक्का नाकातून हसली.

“लग्नांचं म्हणतीस.”

“यांच्या खड्याला लग्नाची तिथी कळत न्हाई, आक्का. दवाखान्यात रात्र काढली आमी. जार आता नको.”

आक्काने मान हलवली. धंद्यात गिऱ्हाईक जातं, हे तिला ठाऊक होतं. अशा वेळी वाद घालायचा नाही, हेही. तिने जारची मान धरली.

पडवीतला पेपर खाली झाला.

“आक्का,” चिमाजी तिथूनच म्हणाला, “चहा घेऊन जा.”

“कशाचा?”

गॅसवर दूध होतं, डब्यात पत्ती होती. आक्काने जार उचलून मांडीवर टेकवला, तिथून खांद्यावर घेतला आणि दाराकडे वळली. अंजनाला वाटलं, आता ही गेली. पुढच्या वेळी येईल ती कुणाच्या तरी तेराव्याला, पिशवीत बाटली घेऊन. तिने दारात आडवं होण्यासारखं काही केलं नाही. ओटा पुसायचं फडकं हातात होतं, ते तिने पिळलं.

“आक्का, जमिनीचं अजून मनात आहे?”

पडवीत खुर्ची करकरली. त्या स्वयंपाकघरात तो शब्द आजवर कुणी काढला नव्हता.

आक्का वळली. खांद्यावर वीस लिटर, पण आवाज सपाट.

“कुणी सांगितलं जमिनीचं?”

“सगळीच म्हणत्यात.”

“सगळ्यांला जमिनीबिगर काय सुचतं? जमीन मी राजीखुशीने दिली. मला काय करायची व्हती? माझी मला रगड आहे.” ती थोडी थांबली. “त्या दिवशी कचेरीत सकाळपासनं बाकड्यावर बसवलं मला. ऊन मरणाचं. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. काम झाल्यावर हा, वकील आन् साक्षीदार गेले मिसळ खायला. मी बाकड्यावरच. म्हटलं येईल, इचारील. आला तो पान खाऊन. गाडीत बस म्हणला. घरी आले तर तू पुरणाचा घाट घातलेला, बाया साडीची घडी मोडायला टपलेल्या. तोंडाला कोरड पडली व्हती, अंजने. एकाने म्हटलं न्हाई, आक्का, पाणी देऊ का.”

अंजनाचा हात ओट्यावर थांबला. त्या दिवशीचं पुरण तिला आठवत होतं. वेलदोडे कमी पडले होते, तेही आठवत होतं. पाण्याचं काही आठवेना.

चिमाजी दारात येऊन उभा होता.

“मला वाटलं, तू...” तो म्हणाला आणि काय वाटलं होतं ते त्याला सापडेना. “मग तसं बोलायचं न्हाई का?”

“पाणी मागून प्यायचं? माहेरात?”

“पण तू पिणारच न्हाई म्हणलीस. म्हणून आमी...”

“व्हय. मी पिणार न्हाई म्हणले, तर तुमचं बरंच झालं. इचारायचं कामच संपलं.”

आक्का दिवसाआड येत होती, आपल्या हाताने घेत होती, आणि तिचा मान राखायचा म्हणून सगळे त्या वेळी दुसरीकडे बघत होते.

अंजनाने फडकं ठेवलं. मांडणीवरून पितळी तांब्या उतरवला, घासलेलाच होता तरी पुन्हा विसळला आणि फिल्टरच्या तोटीखाली धरला. तोटीची धार करंगळीएवढी. तांब्या भरायला वेळ लागला आणि त्या वेळात तिघांपैकी कुणीच हललं नाही. दानियालने फिल्टरचे गुण सांगताना हे सांगितलं नव्हतं.

तांब्या भरला, तसा तो तिने आक्काला दिला नाही. चिमाजीच्या हातात दिला. वर पेला पालथा घातला.

चिमाजीने तो दोन्ही हातांनी धरला. पंचावन्न वर्षांचा बाप्या, सोसायटीचा संचालक, ग्रामसभेत उभा राहून तासभर बोलणारा.

“आक्का, पाणी...”

“पाणी काय?”

“घेतीस का?”

आक्काने जार खांद्यावरून उतरवला. चपला काढून पायानेच दाराबाहेर सारल्या, भिंतीला टेकवलेला पाट पायाने ओढला, पदर आवरून त्यावर बसली आणि हात पुढे केला. अर्ध्यावरच थांबवला. तांब्यात डोकावली.

“नुसतंच?” ती म्हणाली. “गूळ कुठंय?”

चिमाजीने अंजनाकडे पाहिलं. अंजना आधीच टाचा उंचावून वरच्या फळीवरचे डबे चाचपत होती.