कंपनीचा भोंगाभाऊ

सोनगीर आणि आसपासच्या गावांत लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या आधी लोटनची तारीख धरत. लोटन माईकवर अहिराणीत पुकारायचा. कोणाचा आहेर आला, नवरीचा मामा कुठे दडून बसलाय, पंगत उठली तरी कोणते पाहुणे अजून आंघोळच करताहेत, हे सगळं तो यमकं जुळवत, एका दमात, मधे श्वास कुठे घेतला ते कळू न देता सांगायचा. मंगलाष्टकांपेक्षा लोक त्याच्याकडेच जास्त कान देत. एका भटजींनी याबद्दल भर मांडवात तक्रार करायचं ठरवलं होतं, पण ती माईकवरून करावी लागणार होती आणि माईक लोटनच्या हातात होता.

पंच्याण्णवच्या सुमाराला सिनेमात भराभर बोलत गाण्याची साथ आली. जळगावचे दलिचंद शेठ तेव्हा गाद्या-चादरी विकता विकता कॅसेटींच्या धंद्यात शिरले होते. दुकानामागच्या खोलीत भिंतींना न खपलेल्या गाद्या ठोकून त्यांनी स्टुडिओ केला होता. बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला माणूस घामाघूम झाल्याशिवाय बाहेर येत नसे, कारण पंख्याची घरघर टेपवर उतरते म्हणून पंखा बंद.

"तुम्ही लग्नात करता ना, लोटनभाऊ," शेठ म्हणाले, "त्याला अमेरिकेत रॅप म्हणतात."

"तठे बी मांडवमा माईक ऱ्हास का?" लोटनने विचारलं.

शेठनी नाव काढलं भोंगाभाऊ. कॅसेट निघाली. 'नवरदेव उना, घोडावर बठना, घोडा चमकना, नवरदेव पडना, मामा हासना, काका रुसना, बठ्ठा वऱ्हाडले च्या कमी पडना.' धुळ्यापासून जळगावपर्यंत रसवंतीवाल्यांनी ती वाजवली, पानटपऱ्यांनी वाजवली. सोनगीरचे लोक लोटनला रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले. एरवी ते त्याला थांबवत ते उसनं नेलेलं फावडं मागायला.

एकच गोष्ट लोटनला खुपत होती. धुळ्याला जाऊन, गॉगल लावून, मागे काश्मीरचा पडदा घेऊन त्याने फोटो काढला होता. शेठनी कॅसेटवर तो छापला नाही. भोंग्याचं चित्र छापलं.

दुसऱ्या कॅसेटच्या वेळी लोटन फोटो घेऊनच गेला. सोबत साडूलाही घेतलं. हा वना, त्याच्या मेव्हणीचा नवरा, पिंप्राळ्यात राहणारा, केस मानेवर रुळणारे, लूनावर फिरणारा. साडूला स्टुडिओ दाखवावा, आपला मान दाखवावा, एवढाच लोटनचा हेतू. ज्याला आपला मान दाखवायचा त्यालाच सोबत न्यावं लागतं, ही त्यातली अडचण.

"फोटो छापला की गाणाऱ्याचं नाव मोठं होतं," शेठ शांतपणे म्हणाले. "भोंगा छापला की कंपनीचं."

"मग मी गाणार नाही."

"बरं," शेठ म्हणाले.

भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला 'बरं' म्हणणं फार वाईट. लोटन उठला. वनाही उठला, पण अर्धवट.

आणि महिनाभरात बाजारात कॅसेट आली, 'भोंगाभाऊ पुन्हा आला'. चित्र तेच. आवाज वनाचा.

लोटन तणतणत जळगावला गेला. शेठनी पाणी पाजलं.

"भोंगाभाऊ मी आहे," लोटन म्हणाला.

"तुम्ही लोटनभाऊ. भोंगाभाऊ कंपनीचा. खुर्ची कंपनीची असते, भाऊ. बसेल तो साहेब."

लोटन परत आला तर त्याच्या दारात चार माणसं उभी. ती हसत होती.

"लोटन्या, जीव लाई दिना रे भो. मागली जरा पानचट व्हती. ही एक नंबर शे."

ती आपली नव्हे म्हणावं, तर भोंगाभाऊ दुसराच कोणी ठरतो. आपली म्हणावं, तर साडूची स्तुती घरात घ्यावी लागते. तो म्हणाला, "जेवले बठस, मंग बोलूत," आणि वाटेत जेवण झालेलं असताना पुन्हा जेवायला बसला.

खरं दुःख निराळंच होतं. गाणं चांगलं होतं. आणि ते त्याच्यावरच होतं.

'मोठा जवाई रुसना, खाटवर बसना. मांडा दिधा, म्हने जाड शे. दूध दिधं, म्हने गार शे. सासू म्हने, जवाई मना हिरा शे. सासरा म्हने, जड शे, जड शे.'

मागल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाडीत लोटन खरोखर खाटेवर बसला होता आणि मांडा खरोखर जाड होता. दूध गार नव्हतं, ते वनाने पदरचं घातलं होतं.

लोटनने ती कॅसेट धुळ्याहून आणली, सोनगीरच्या दुकानदाराला दिसू नये म्हणून. म्हशीच्या गोठ्यात, आवाज बारीक करून तो ती ऐकायचा. चुका शोधण्यासाठी. म्हैस आधी कान हलवायची, पुढे सवयीने रवंथ त्याच लयीत करू लागली. एके दिवशी दाढी करता करता आरशासमोर त्याच्या तोंडून 'जड शे, जड शे' निघालं आणि मागून सुंदरबाई, त्याची बायको, म्हणाली, "आवडनं का काय तुमले?"

"मी चुका शोधी ऱ्हायनू."

"सापडन्यात?"

"एक. तिसरी ओळले दम चुकना."

"एकच चूक शे, मंग रोज काबरं ऐकतस?"

लोटनने वस्तरा खाली ठेवला. गालाचा अर्धा भाग तसाच राहिला.

आखाजी आली. खान्देशात या सणाला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि मागोमाग जावई येऊन आमरसावर आडवे होतात. लोटनची सासुरवाडी पारोळ्याकडची. सासरे चिंधा आबा मोजकं बोलत, पण ते गावाच्या लक्षात राही. लोटनला तिथे जावंसं वाटत नव्हतं, पण न जावं तर गाण्यातलं खरं ठरणार होतं. या वेळी तो खाटेवर बसला नाही. मांडे आले तेव्हा तोंड भरून म्हणाला, "पातय शेत, एकदम पातय." ते जाडच होते. सुंदरबाई आणि तिची धाकटी बहीण लताबाई एकमेकींकडे बघून पदरात हसल्या. दोघींना सगळं ठाऊक होतं आणि दोघी ते इतर कोणाला सांगत नव्हत्या, कारण सांगितलं की मजा संपते.

समोरच वना बसला होता. त्याने गॉगल आणला होता. शेठनी त्याला शपथ घातली होती, भोंगाभाऊ कोण हे कुठे बोलायचं नाही. पिंप्राळ्यात त्याची कॅसेट घरोघर वाजत होती आणि त्याला कोणी ओळखत नव्हतं. शेजारी तर त्याला म्हणाला होता, "वनाभाऊ, तुमच्या साडूनं काय गायलंय हो."

उन्हं कलली तशी दारच्या कडुलिंबाखाली माणसं जमू लागली. गावात भोंगे भाड्याने देणारा लीलाधर माईक घेऊनच आला.

"मोठा पाव्हना," चिंधा आबा म्हणाले, "आते व्हई जाऊ दे. ते रुसेल जवाईनं."

लोटनने आमरसाची वाटी खाली ठेवली. तो उठायच्या आत वना उठला. घामाने त्याचा गॉगल नाकावरून घसरत होता.

"आबा, ते गानं मनं शे. दुसरा भोंगाभाऊ मी शे."

लिंबावरचा झोकासुद्धा थांबला. त्यावरच्या पोरी उतरून जवळ आल्या.

आबांनी दोन्ही जावयांकडे पाहिलं. "मंग म्हन."

वनाने माईक घेतला. 'मोठा जवाई रुसना, खाटवर बसना' झोकात गेलं. 'मांडा दिधा, म्हने जाड शे'. इथे त्याचा दम संपला. त्याने श्वास घेतला आणि श्वास घेतल्यावर पुढची ओळ कुठे गेली ते त्याला सापडेना. स्टुडिओत तो प्रत्येक ओळ कागदावर बघून म्हणत होता, घाम पुसत होता, शेठ टेप थांबवत होते आणि मग तुकडे जोडत होते. अख्खं गाणं त्याने स्वतःच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं. त्याचा हात खिशाकडे गेला. खिशात कंगवा होता.

"दूध," लोटन हळूच म्हणाला.

"दूध," वना माईकवर म्हणाला आणि थांबला.

"दूध दिधं," लोटन म्हणाला.

लोक हसले. वनाने पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा मांड्यावर अडकला, आणि लोटनला ते सहन होईना. त्याला आनंद होत होता, नाही असं नाही. पण चुकीच्या जागी घेतलेला श्वास त्याला चपलेतल्या खड्यासारखा टोचत होता. त्याने माईक काढून घेतला आणि गोठ्यात म्हशीपुढे रोज ऐकलेलं ते गाणं, रुसणारा मोठा जावई, जाड मांडा, गार दूध, सगळं एका दमात उडवून दिलं. 'जड शे, जड शे'ला त्याने स्वतःच्याच पोटावर हात मारला. चिंधा आबा हसले. त्यांना हसताना गावाने बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

"धाकला पाव्हना खोटं बोलना," कोणीतरी म्हणालं. "भोंगाभाऊ हाऊच."

वना खाली बसला. लोटनला हवं होतं ते सगळं त्या लिंबाखाली मिळालं होतं. नाव त्याचं, टाळ्या त्याच्या, साडू जमिनीवर. त्याने गळा साफ केला.

"आते मनं सोतानं आयका. नवरदेव उना, घोडावर..."

"ते जुनं शे, पाव्हना," लीलाधर म्हणाला. "रुसेल जवाई म्हना."

"हां, तेच," बाकीचे म्हणाले.

लोटनने वनाचं गाणं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. अंधार पडेपर्यंत तो गावाला सांगत होता की मोठा जावई रुसला आहे, आणि प्रत्येक वेळी ते जास्त खरं होत होतं.

जेवणं झाल्यावर दोघे साडू एकाच सतरंजीवर, मधे तांब्या ठेवून बसले.

"गानं मनं, टाळ्या तुमले," वना म्हणाला.

"नाव मनं, कॅसेट तुले," लोटन म्हणाला.

"तुमले लोके वळखतस तरी, भाऊ."

"तुनं गानं तरी लोके मांगतस."

दुसऱ्याजवळ जे आहे तेच आपल्याला हवं होतं, हे दोघांनाही कळलं होतं, आणि कळून त्यांना अजिबात बरं वाटलं नव्हतं.

सकाळच्या एसटीने दोघे जळगावला निघाले. वाटेत ठरलं, कॅसेटवर दोघांचे फोटो, एका बाजूला लोटन गाणार, दुसऱ्या बाजूला वना. भोंग्याचं चित्र बंद. नाहीतर दोघंही गाणार नाहीत. एरंडोलपर्यंत एकी टिकली. पुढे कॅसेटची पहिली बाजू कोणाची, यावरून ते जळगाव स्टँडपर्यंत खिडकीबाहेर वेगवेगळ्या दिशेला बघत बसले.

दुकानात शेठ गल्ल्यावर नव्हते. ते मागच्या खोलीच्या बंद दारापाशी स्टूल टाकून बसले होते. दारावरचा लाल दिवा लागलेला होता. गाद्यांमधून गाळून, बारीक, पण झपझप असा आवाज येत होता. कोणी तरी तिसराच, अगदी मोकळ्या गळ्याचा.

लोटनने तोंड उघडलं. शेठनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते कुजबुजले. "भोंगाभाऊ गाताहेत."

दोघे दाराला कान लावून उभे राहिले.

"दम चुकना," लोटन पुटपुटला.

"चुकना खरा," वना म्हणाला. "पन आवाज बरा शे."

लोटन चुका शोधत होता. शेठनी वर पाहिलं, तेव्हा दोघांचेही ओठ हलू लागले होते.