पान उलटणारीनं ऐकायचं नसतं

ताईचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हातात काही खळखळणारं नको. अत्तर नको. जिभेला बोट लावायचं नाही. पियानोच्या डाव्या अंगाला बसायचं, वेळ आली की अर्धवट उठायचं, डाव्या हातानं उजव्या पानाचा वरचा कोपरा धरायचा आणि ताईची हनुवटी हलली की उलटायचं. डोळे नेहमी ताईच्या बोटांच्या एक ओळ पुढे. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पान उलटणारीनं ऐकायचं

— उलट —

नाही.

"ऐकत बसलीस की मागे पडलीस," ताई म्हणायची. "ऐकायचं काम लोकांचं. ते तिकीट काढून येतात. तुला कुणी दिलंय तिकीट?"

छोटी हसायची. छोटी म्हणजे दोन नातवंडांची आजी, पण थोरली बहीण डोक्यावर असेपर्यंत धाकटीचं वय वाढतंय कुठे? लहानपणी ताई घरी सराव करायची तेव्हा छोटी स्टुलावर चढून पानं उलटायची. पुढे ताई मोठी झाली, मोठ्या सभागृहांत वाजवायला लागली, सगळं तोंडपाठ. तेव्हा छोटी विंगेत. ताईच्या साडीला इस्त्री, ताईचं गरम पाणी, ताईचा चष्मा, ताईच्या शिव्या. उभ्या जन्मात तिनं ताईला समोर बसून ऐकलं नव्हतं. लोक बाहेर येऊन डोळे पुसत सांगायचे, "काय वाजवतात हो तुमच्या ताई!" आणि छोटी म्हणायची, "हो का?"

मग गेल्या वर्षी ताई वाजवता वाजवता थांबली. बोटं पट्ट्यांवर, आणि पुढचं गायब. भरलेलं सभागृह खोकायला लागलं. ताई उठली, हाताला गोळा आला म्हणाली आणि आत निघून गेली. आत येऊन तिनं छोटीचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"पुसलंय सगळं," ताई म्हणाली. "फळा पुसावा तसं. कुणाला बोललीस तर बघ."

छोटी कुणाला बोलली नाही. तेव्हापासून पियानोवर पानं आली, आणि पानांसोबत छोटी

— उलट —

विंगेतून उजेडात आली.

आजचा कार्यक्रम म्हणजे परीक्षाच होती. सभागृहाच्या व्यवस्थापकाला बहिणी आपसात 'छत्री' म्हणायच्या, कारण ऊन असो की नसो, त्याच्या काखेत छत्री. गेल्या वर्षीचा 'गोळा' छत्रीला पचलेला नव्हता. आज आणि उद्या, दोन संध्याकाळी, तोच कार्यक्रम. नीट झाला तर पुढच्या हंगामात ताईचं नाव. नाही झाला तर एक हार, एक शाल आणि "आता विश्रांती घ्या".

"मला शाल नकोय," ताई आरशासमोर बोटं चोळत म्हणाली. "कोपरे दुमडलेस?"

"दुमडले."

"दोन पानं चिकटतात ते?"

"त्याला हवा दिली. ताई, किती वेळा विचारशील?"

"तू किती वेळा विसरशील तितक्या वेळा."

विसरतंय कोण, हे छोटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि ताईचा पदर सारखा केला. तिचे पाय मात्र एका जागी ठरेनात. ती दारापर्यंत गेली, परत आली, पानं मोजली, पुन्हा दारापर्यंत गेली.

"मांजरीसारखी फिरू नकोस," ताई म्हणाली. "आणि आज काही झालं तरी

— उलट —

ऐकू नकोस."

पहिला भाग बरा गेला. छत्री पहिल्या रांगेत, छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून. छोटी उठत होती, उलटत होती, बसत होती. डोळे एक ओळ पुढे. कानांवर काहीतरी आदळत होतं, पण ते रस्त्यावरच्या रहदारीसारखं. आपलं नाही ते.

मग संथ भाग सुरू झाला. डावा हात खाली, जाड तारांमध्ये, एकाच चालीनं जात होता, आणि उजवा हात मुद्दाम मागे राहत होता, दर वेळी जराशा उशिरानं येत होता, आणि त्या उशिरात काय होतं देव जाणे, छोटीचा श्वास तिथे जाऊन अडकायला लागला, आता येईल, आता येईल, आणि उजवा यायचा तो भलत्याच उंचीवरून, आणि छोटीला कळलं की आपले डोळे ओळीवर नाहीत, ताईच्या हातांवर आहेत, त्या निळ्या शिरांवर, तुटक्या नखावर, आणि हे हात चहा गाळताना बोट भाजलं तर घर डोक्यावर घेणाऱ्या बाईचे नाहीत, हे कुणाचे आहेत, आणि आवाज कानांतून येतच नव्हता, तो बाकाच्या लाकडातून मांड्यांत शिरत होता, बरगड्यांत चढत होता, तिला कुणाची आठवण आली नाही, रडू आलं नाही, तिला फक्त उठून पळून जावंसं वाटलं किंवा ताईची मनगटं धरून पुरे म्हणावंसं वाटलं, कारण इतकं माणसाच्या अंगात मावत नाही, इतकं कुणी कुणाला द्यायचं नसतं, आणि ताईची हनुवटी हलली, तिनं ती हललेली पाहिली, दार वाजावं आणि ते शेजारचं वाटावं तशी पाहिली, आणि ओळ संपली, पान संपलं, आणि पान

पान उलटलं नव्हतं.

ताई थांबली नाही. तिच्या हातांनी संपलेली ओळ पुन्हा उचलली. पण तशीच नाही. तळातून उचलली, वाकडी केली, डाव्याचं उजव्याला दिलं, उजव्याचं अर्ध्यात टाकून दिलं. कुंपण संपल्यावर गुरं रानात शिरतात तसे ते दोन हात कुठल्या कुठे निघाले. ताईच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला. तिनं हनुवटी हलवली. पुन्हा हलवली. कोपर छोटीच्या पोटात मारलं.

आता छोटी जागी झाली होती. डावा हात कोपऱ्यावर होता. गेल्या वर्षीचं खोकणारं सभागृह आठवलं, शाल आठवली. उलटायचं, एवढंच. कागद तर होता.

तिनं उलटलं नाही.

कारण पानाच्या पलीकडे लिहिलेलं होतं. आणि अलीकडे जे चाललं होतं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं, ताईनंसुद्धा, आणि पान उलटलं की ते संपणार होतं. अजून थोडं, तिला वाटलं. एवढं वळण. त्याच्या पुढचं एवढं.

"मेले," ताई ओठ न हलवता म्हणाली, "उलट."

— उलट —

टाळ्या लगेच पडल्याच नाहीत. मग पडल्या त्या थांबेनात. छत्री आत आला तेव्हा त्याची छत्री बाहेर कुठेतरी राहिली होती.

"तो मधला तुकडा," तो म्हणाला. "मी हे कितीदा ऐकलंय, पण तो तुकडा..."

"जुन्या प्रतीत आहे तो," ताई म्हणाली. "हल्लीचे गाळतात."

"पुढचा हंगाम तुमचाच, ताई."

दार लागलं. ताई खुर्चीत बसली, आणि छोटी दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पहिल्यांदा चुकलीस, ते समजलं," ताई म्हणाली. "मग कोपरा धरला होतास. मी बघितलं."

"हो."

"मी पडले असते."

"पडली नाहीस ना."

"ते तुला माहीत होतं?"

छोटीनं दाराची कडी लावली. खोटं बोलायला ती कधीच शिकली नव्हती, आणि खरं असं होतं, की त्या वेळी ताई पडली असती तरी तिला चाललं असतं.

ताईनं रुमालानं बोटं एकेक करून पुसली. मग हळू आवाजात विचारलं, "काय वाजवलं मी?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! पान संपलं ते आठवतंय. पान उलटलं ते आठवतंय. मधलं काय होतं?"

छोटीनं गुणगुणून पाहिलं. खालून यायचं ते, असं. मग असं. गळा चिरकला.

"हे?" ताईनं मांडीवर बोटं हलवली.

"नाही. ते नाही. उशिरा यायचं."

"किती उशिरा?"

छोटीला सांगता येईना. सगळं अंगात होतं, आणि सांगायला तोंडात काही नव्हतं. दोघी बराच वेळ मांड्यांवर बोटं आपटत बसल्या. नाही, हे नाही. तेही नाही.

शेवटी ताई उठली. "उद्या पानांना छत्रीची भाची बसेल. तिला वाचता येतं, आणि कानांनी ती दगड आहे. तू समोर बस. तिकीट घे."

"रागावलीस?"

"तू ऐकलंयस," ताई म्हणाली. "आता तुझ्या हातात माझं पान मी देणार नाही."

— उलट —

दुसऱ्या संध्याकाळी छोटी सहाव्या रांगेत बसली, आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून. खुर्ची मऊ होती आणि टोचत होती. तिला काही ऐकूच येईना. डोळे सारखे भाचीच्या हातावर. उठली, उलटलं, बसली. चोख पोरगी.

संथ भाग आला. डावा हात खाली चालायला लागला, उजवा मागे राहायला लागला. लोक पुढे झुकले. ओळ संपत आली. पान संपत आलं. ताईची हनुवटी हलली आणि भाची अर्धवट उठली.

सहाव्या रांगेत छोटीही अर्धवट उठली होती. डावा हात हवेत, दोन बोटांत हवेचा कोपरा घट्ट धरलेला. शेजारच्या गृहस्थांनी घाबरून विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?"

"थांबा," छोटी म्हणाली, "अजून उलटू नका."